रॅम्प बांधला, पण कोणी आलेच नाही

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह असलेल्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची अडचण थोडक्यात अशी. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाने मिळालेल्या देणगीतून प्रवेशद्वाराच्या ४ पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला. जागा बेताची असल्यामुळे तो १० फुटांत बसवावा लागला. त्यानंतर चाकाच्या खुर्चीवरून एकच गृहस्थ आले आणि तेही अर्ध्यावरून परतले. आता एकाच महिन्यात दोन पत्रे आली आहेत. पहिले २४ वर्षांच्या एका तरुणाचे आहे. तो चाकाची खुर्ची वापरतो. सभासदत्व त्याच्या नावावर असले तरी पुस्तके वडील नेऊन देतात. अभ्यासिकेत येऊन बसता यावे आणि आपल्याला वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे, अशी त्याची मागणी आहे. दुसरे पत्र एका अंध शिक्षिकेचे असून त्यांनी ऐकता येतील अशी पुस्तके आणि ग्रंथयादी मागितली आहे. कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत असे की, बांधलेला रॅम्प कोणी वापरत नाही, मग आणखी खर्च कशासाठी? त्यापेक्षा दोघांनाही पुस्तके घरपोच द्यावीत, म्हणजे त्यांचाही त्रास वाचेल. दोन माणसांसाठी एवढा पैसा घातला तर बाकीच्या सभासदांना काय उत्तर द्यायचे, असे खजिनदारांनी विचारले आहे. ‘मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही,’ असे या भगिनी लिहितात. ‘शिवाय मी स्वतः धडधाकट आहे. त्यांच्या वतीने भांडण्याचा मला अधिकार तरी आहे का?’ पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कार्यकारिणीची बैठक आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात रॅम्पविषयी दोन आकडे सहज येऊन गेले आहेत: ४ पायऱ्या आणि १० फूट. कार्यकारिणीला जे खोडून काढता येत नाही असे तुम्हाला वाटते, त्याचे उत्तर बरेचसे या दोन आकड्यांत आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

पायरी साधारण ६ इंचांची धरली तर ४ पायऱ्या म्हणजे २ फूट उंची झाली. ती १० फुटांत गाठायची म्हणजे दर ५ फुटांना १ फूट चढ. रॅम्पसाठी अनेक देशांच्या बांधकाम नियमांत १:१२ हे प्रमाण धरलेले आहे, आणि तेही कमाल म्हणून. जागा असेल तर चढ याहून सौम्यच ठेवावा. त्या हिशेबाने तुमचा रॅम्प २४ फुटांचा हवा होता. शिवाय त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला खुर्ची थांबवून वळवता येईल अशी सुमारे ५ फुटांची सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा होता. १:५ च्या चढावर हातांनी चाके ढकलणाऱ्या माणसाचे खांदे भरून येतात हे तर झालेच, पण खरा धोका पुढची चाके उचलली जाऊन खुर्ची मागे कलंडण्याचा असतो, आणि उतरताना वेग हातात राहत नाही. ते गृहस्थ अर्ध्यावर तरी कसे पोचले, याचेच मला नवल वाटते.

तेव्हा बैठकीत सर्वांत आधी हा हिशेब मांडा. ‘बांधलेला रॅम्प कोणी वापरत नाही’ या वाक्यावर पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि वापरता येईल असा रॅम्प वाचनालयाला अजून मिळालेलाच नाही. मांडताना कोणाला दोष देऊ नका. गवंड्याने उपलब्ध जागा पाहिली, देणगीदाराने रक्कम पाहिली, कार्यकारिणीने पूर्ण झालेले काम पाहिले. चाकांवर बसून तो चढ चढणारे माणूस मात्र त्या वेळी तेथे कोणीच नव्हते. जागा बेताची असली तरी वाट संपत नाही. रॅम्प मध्ये सपाट टप्पा देऊन उलट दिशेला वळवता येतो, किंवा बाजूच्या अथवा मागच्या दारापाशी जमिनीची उंची कमी असेल तर तेथून प्रवेश देता येतो. मागचे दार निवडलेत तर ते कामाच्या वेळात उघडे राहील, तेथे दिवा असेल आणि समोर तशी ठळक पाटी असेल एवढे पाहा. खुर्चीसकट माणसाला उचलणारा छोटा उद्वाहकही बसवता येतो, परंतु त्याची देखभाल करायला कोणी नसेल तर तो वर्षभरात बंद पडलेला दिसतो, त्यामुळे मी तो पर्याय शेवटी ठेवेन.

आता ‘कोणी येत नाही’ या म्हणण्याकडे वळू. आपण पायांनी चालणारी माणसे वाचनालयात जायचे म्हणजे उठतो आणि जातो. अपंग माणसाला घरातून निघण्यापूर्वी अख्खा दिवस डोक्यात चालवून पाहावा लागतो. वाहनात चढता येईल का, पादपथाची कड उतरती आहे की नाही, दाराचा उंबरठा किती उंच आहे, आत कपाटांच्या मधून खुर्ची जाईल का, लागले तर स्वच्छतागृह कोठे आहे, आणि परत येताना यांपैकी कशाचा भरवसा किती. या साखळीतील एक कडी निखळलेली असली तरी माणूस घरीच राहतो, आणि तो घरी राहिला याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

काही वर्षांपूर्वी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी एका व्याख्यानाला गेले होते. सभागृह नवे होते, रॅम्पही व्यवस्थित होता. प्रवासात मी तिला पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा तिने मान हलवली. बाहेर जायचे असले की ती सकाळपासून पाणी पीत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्या दिवशी प्रथम कळले. मध्यंतरात आम्ही दारावर खुर्चीचे चित्र असलेल्या स्वच्छतागृहापाशी गेलो. दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि ते पुरते उघडेना, कारण आत फिनेलचे डबे, ओले झाडू आणि पाय मोडलेल्या चार खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. सफाई करणाऱ्या बाईंनी धावत येऊन सामान बाहेर काढायला सुरुवात केली. ‘इकडे कोणी येतच नाही हो,’ असे त्या पुन्हा पुन्हा ओशाळून सांगत होत्या. मैत्रिणीने त्यांना थांबवले, घड्याळात पाहिले आणि मला म्हणाली, ‘चल, निघू या.’ व्याख्यानाचा उत्तरार्ध आम्ही ऐकला नाही. त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना आजही वाटत असेल की आपल्या स्वच्छतागृहाची कोणाला गरज नाही.

म्हणून त्या तरुणाने रॅम्पच्या जोडीला स्वच्छतागृह मागितले, यात मला अवाजवी काही दिसत नाही. ज्याला अभ्यासिकेत चार तास बसायचे आहे त्याला ते लागणारच. ते बांधाल तेव्हा काही गोष्टी पक्क्या करून घ्या. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच माणसाच्या अंगाने अडते. खुर्ची वळवायला आत ५ फुटांचे वर्तुळ मोकळे हवे. कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेले दांडे हवेत, आणि तेही शरीराचा पूर्ण भार पेलणारे. टॉवेल अडकवायची नळी त्या कामाची नसते. मदतीसाठी वाजवायच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत लोंबती असावी. ती अडचण वाटते म्हणून पुष्कळ ठिकाणी वर गुंडाळून ठेवतात, पण जो पडला आहे त्याचा हात वर पोचत नाही. आणि या खोलीत कोणतेही सामान ठेवायचे नाही, हे सफाई कामगारांपासून अध्यक्षांपर्यंत सर्वांना एकदा नीट सांगा.

‘आपल्याकडे अपंग सभासद आहेतच किती’ हा प्रश्न बैठकीत येईल असे गृहीत धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे दर ६ जणांमागे १ जण, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगत आहेत. यातील पुष्कळांचे अपंगत्व चटकन नजरेत भरत नाही. कमी ऐकू येणारी, बारीक अक्षर न दिसणारी, सांधे धरल्यामुळे पायऱ्या न चढवणारी, अक्षरे ओळखण्यात अडखळणारी अशी माणसे त्यांत आहेत, आणि त्यांतील कित्येक जण स्वतःला अपंग म्हणवूनही घेत नाहीत. तुमच्याजवळ याहून बोलका आकडा आहे. गेल्या पाच-सात वर्षांत ज्यांनी सभासदत्व पुढे चालू ठेवले नाही त्यांची नावे जुन्या नोंदवहीतून काढा आणि त्यांतील २५–३० जणांना दूरध्वनी करून केवळ एवढे विचारा की येणे का थांबले. पायऱ्या, अंधूक दिवे, लहान अक्षर, बसायला हाताची खुर्ची नसणे अशी कारणे किती येतात ते मोजा. हे काम दोन संध्याकाळींत होईल, त्याला खर्च नाही, आणि खजिनदारांसमोर ठेवायला तुमच्याच वाचनालयाचे पुरावे हाती येतील.

आता घरपोच पुस्तकांविषयी. या सूचनेमागे दुष्टावा आहे असे मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या, दीर्घ आजारी किंवा बाहेर पडण्याची इच्छा नसलेल्या सभासदांसाठी ही सेवा फार मोलाची आहे आणि ती वाचनालयाने जरूर सुरू करावी. पण त्या तरुणाचे पत्र पुन्हा एकदा वाचा. त्याने पुस्तक मागितलेलेच नाही. पुस्तक त्याला आजही मिळते, वडील नेऊन देतात. त्याला अभ्यासिकेतील टेबलाजवळची जागा हवी आहे, कपाटासमोर थांबून चार पुस्तके चाळून पाचवे उचलायचे आहे, समवयस्क मुलांत बसायचे आहे आणि वडिलांना न सांगता घरी परतायला उशीर करायचा आहे. घरपोच सेवेने त्याचे घर आणखी घट्ट बंद होईल. ‘त्यांचाही त्रास वाचेल’ असे कार्यकारिणी म्हणते, तेव्हा येण्याचा त्रास त्याला घ्यायचा आहे की नाही हे त्याने स्वतः लेखी कळवले आहे, याचा तिला विसर पडला आहे. घरी पुस्तक मागवण्याची सोय ज्याला हवी त्याला मिळावी. दार बंद ठेवण्याची भरपाई म्हणून ती देऊ नये.

या संदर्भात मला एड रॉबर्ट्स या अमेरिकन गृहस्थांची आठवण होते. १४व्या वर्षी पोलिओ होऊन त्यांचे मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले आणि श्वासासाठी त्यांना लोहफुप्फुस नावाच्या मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात झोपावे लागे. १९६२ मध्ये ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा अशा विद्यार्थ्यांचा प्रयोग पूर्वी करून पाहिला आणि तो फसला, या अर्थाचे उत्तर त्यांना तेथील एका अधिकाऱ्याकडून मिळाले होते. तुमच्या कार्यकारिणीचे वाक्य जवळजवळ हेच आहे. यंत्र वसतिगृहात मावेना म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांची राहण्याची सोय झाली. ते आले हे पाहून तीव्र अपंगत्व असलेले इतर विद्यार्थीही येऊ लागले, आणि १९७२ मध्ये त्यांच्या गटातून बर्कलीमध्ये स्वतंत्र जीवनासाठीचे केंद्र उभे राहिले, जे अपंग माणसे स्वतः चालवीत. स्वातंत्र्याचा त्यांचा अर्थ सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणे असा नव्हता. आंघोळ घालायला, कपडे चढवायला मदतनीस लागेल, पण केव्हा उठायचे, कोठे जायचे आणि दिवस कसा घालवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे, असा तो अर्थ होता. रॉबर्ट्स पुढे कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले. याच खात्याने एकेकाळी, नोकरी करणे यांना कधी शक्य होणार नाही असा निर्वाळा दिला होता.

अंध शिक्षिकेची मागणी वेगळ्या प्रकारची आहे आणि ती पुरी करायला तुम्हाला वाटते त्याहून कमी खर्च येईल. अशा वेळी स्वयंसेवक गोळा करून पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावीत, असा उत्साह हमखास येतो. तो थोडा आवरा. आधी त्यांना विचारा की त्या वाचतात कशा? पुष्कळ अंध वाचक संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तुमच्या वाचनालयातील एका संगणकावर ती याच आठवड्यात बसवता येईल. ग्रंथयादी नीट टंकलेली असेल तर ही प्रणाली ती वाचते. छापील पानांची छायाचित्रे काढून केलेली फाइल मात्र तिच्या दृष्टीने कोरा कागद असते. तुमच्या सूचना सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुशोभित चित्रांच्या रूपात जात असतील, तर त्या शिक्षिकेला आजवर त्यातली एकही सूचना मिळालेली नाही. चित्राखाली तोच मजकूर टंकून पाठवायला एक मिनिट लागते.

पुस्तके श्राव्य करण्यासाठी प्रकाशकांची परवानगी लागेल का, अशी शंका कोणीतरी काढेलच. याच अडचणीवर उपाय म्हणून २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. अंध, अल्पदृष्टी किंवा अन्य कारणाने छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी, अधिकृत ना-नफा संस्थांना हक्कधारकाच्या परवानगीविना पुस्तकाची सुलभ प्रत तयार करता येते आणि ती करारातील दुसऱ्या देशांतील अशाच वाचकांना पाठवताही येते. शारीरिक कारणाने ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही, तेही या करारात येतात. आपल्या देशाच्या प्रताधिकार कायद्यात ही सूट कशी उतरली आहे आणि ती कोणत्या संस्थांना मिळते एवढे मात्र पाहून घ्या. याचा व्यावहारिक अर्थ असा की, असंख्य पुस्तके अंधांसाठी काम करणाऱ्या ग्रंथालयांनी आधीच तयार केलेली आहेत. त्यांपैकी बरीचशी ‘डेझी’ नावाच्या स्वरूपात असतात, ज्यात ऐकता ऐकता हव्या त्या प्रकरणावर किंवा पानावर उडी मारता येते. शिक्षिकेच्या कामाला साध्या ध्वनिफितीपेक्षा ते कितीतरी सोयीचे. अशा ग्रंथालयाशी संधान बांधणे हे तुमचे पहिले काम. ध्वनिमुद्रण करायचेच असेल तर जे कोठेही मिळत नाही, म्हणजे तुमच्या परिसराचा इतिहास, स्थानिक नियतकालिके, वाचनालयाचे स्वतःचे वार्षिक अंक, तेवढेच हाती घ्या.

खजिनदारांचा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण संस्थेचा पैसा जपणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. ‘दोन माणसांसाठी एवढा खर्च’ याला सोपे उत्तर असे देता येते की, सौम्य चढाचा रॅम्प बाळाच्या गाडीला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, पाय मोडलेल्या खेळाडूला आणि पुस्तकांचे गठ्ठे ढकलत नेणाऱ्या तुमच्या शिपायालाही उपयोगी पडतो. हे खरे आहे आणि बैठकीत सांगण्यासारखेही आहे. तरी सगळा भार त्यावर टाकू नका. नाहीतर जी सोय केवळ एकाच माणसाच्या उपयोगाची आहे, जशी त्या शिक्षिकेची, ती नाकारायला तेच कारण पुरेल. मी खजिनदारांना वेगळी गोष्ट विचारेन. ही दोन माणसे वर्गणी भरतात का? भरत असतील तर पायऱ्या, टेबले, दिवे, छापील पुस्तके आणि वरच्या मजल्यावरचा संदर्भ विभाग यांवर त्यांच्या वर्गणीतला वाटा आजवर खर्च होत आला आहे, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही उत्तर दिलेले नाही. बाकीच्या सभासदांना काय सांगायचे याची चिंता करताना हेही सभासदच आहेत, हे हिशेबातून निसटले आहे.

कायद्याची भाषाही येथे कामी येईल. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे ९वे कलम सार्वजनिक जागा आणि सेवा सर्वांना वापरता याव्यात याविषयी आहे, आणि सांस्कृतिक जीवनावरील ३०व्या कलमात तर ग्रंथालयांचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच करारात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे: एखाद्या व्यक्तीसाठी आवश्यक आणि योग्य ते बदल करायचे, मात्र त्यांचा अवाजवी भार पडता कामा नये. म्हणजे खजिनदारांच्या काळजीलाही तेथे जागा आहे. परंतु भार अवाजवी आहे हे अंदाजपत्रक काढून दाखवावे लागते. अंदाजपत्रकच न मागवता तसे ठरवून टाकता येत नाही. दोन ठेकेदारांकडून रॅम्प आणि स्वच्छतागृहाची अंदाजपत्रके मागवा, काम दोन वर्षांच्या टप्प्यांत बसवा, आणि पहिल्या टप्प्याचा पैसा उभा राहिला की काम सुरू करा. सगळे एकदम करू म्हणणाऱ्या संस्थांत वर्षानुवर्षे काही होत नाही, असे मी पाहिले आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला या पत्रातला सर्वांत प्रामाणिक वाटला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि तो नसल्याने तुमचे काही अडतही नाही. ‘आमच्याशिवाय आमच्याविषयी काहीही नको’ ही अपंगांच्या चळवळीची जगभरची घोषणा आहे. तुमच्याजवळ जे आहे ते कार्यवाहपद आहे. बैठकीची विषयपत्रिका तुम्ही तयार करता, कोणाला निमंत्रण द्यायचे ते तुम्ही सुचवता, इतिवृत्त तुमच्या हातचे असते. या अधिकाराचा वापर करून त्या दोघांना बैठकीला बोलवा आणि त्यांच्या तोंडून त्यांचे म्हणणे येऊ द्या. ही बैठक वरच्या मजल्यावर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती यावेळी तेथे घेऊ नका, आणि रॅम्प दुरुस्त होईपर्यंत तो तरुण जेथे स्वतः येऊ शकेल अशा एखाद्या तळमजल्यावरील शाळेत किंवा सभागृहात घ्या. त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला तर नम्रपणे नाकारा. उचलले जाणे धोक्याचे असते, आणि ज्या बैठकीत आपण बरोबरीने बोलायचे त्या बैठकीत माणसाने दुसऱ्यांच्या हातांवरून येऊ नये. पुढे जाऊन कार्यकारिणीत एक जागा स्वीकृत सदस्य म्हणून अपंग सभासदाला देता आली, तर दर वेळी निमंत्रणाची गरजच उरणार नाही.

बांधकामाआधी त्यांना विचारणे का महत्त्वाचे, याचे एक उदाहरण पायाखालीच असते. स्टेशनांवर आणि पादपथांवर दिसणारी उंचवट्यांची पिवळी फरशी जपानचे सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केली, दृष्टी अधू होत चाललेल्या मित्रासाठी, आणि १९६७ मध्ये ती ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवली गेली. तिच्यावरील लांब रेषा ‘चालत राहा’ असे सांगतात आणि गोल ठिपके ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे’ असे. हा अर्थ ठाऊक नसलेला कारागीर ती शोभेची नक्षी समजून बसवतो, आणि मग रेषांच्या आधाराने चालणारा माणूस थेट खांबावर आदळतो. तुमच्या पायऱ्यांपाशी अशी फरशी घालायची ठरली तर ती पक्की करण्यापूर्वी शिक्षिकेला त्यांच्या काठीसह चालून पाहायला सांगा. त्याचप्रमाणे कपाटांमधील अंतर ३ फुटांहून कमी नको हे मी येथे लिहू शकते, पण त्या तरुणाची खुर्ची कोणत्या कोपऱ्यात अडते हे त्यालाच दिसेल.

बैठकीची वाट न पाहता करण्यासारखेही बरेच आहे. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावल्या जात असतील तर त्या हटवा. बाजूच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली देवघेवीच्या टेबलावर ठेवा. अभ्यासिकेतील एका टेबलाजवळची खुर्ची कायमची काढून टाका, म्हणजे चाकाची खुर्ची तेथे सरळ आत जाईल. दोन खुर्च्या हातांच्या ठेवा. कर्मचाऱ्यांना एवढे सांगा की सोबत कोणी आले असले तरी बोलायचे ते सभासदाशी. ‘यांना कोणते पुस्तक हवे?’ असे सोबत्याला विचारायचे नाही. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, कारण ती वापरणाऱ्याला तो आपल्या अंगाला लावलेला हात वाटतो. अंध माणसाला ओढत न नेता आपले कोपर धरायला द्यायचे, आणि कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना तोंड उजेडाकडे ठेवून सावकाश बोलायचे, जमले नाही तर लिहून दाखवायचे. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावर तुमच्या कार्यकारिणीत चर्चा रंगेल. काहींना पहिला शब्द लागतो, काहींना दुसरा उगाच गौरव करणारा वाटतो. मी या उत्तरात ‘अपंग’ वापरला आहे. तुम्ही समोरच्याला विचारा, आणि पुष्कळदा नावाने हाक मारली की दोन्हींचे काम पडत नाही.

दोघांच्या पत्रांना पोच अजून दिलेली नसेल तर ती आजच द्या. त्यात सहानुभूतीचे शब्द फार नकोत. रॅम्पचा चढ चुकला आहे हे मान्य करा, अंदाजपत्रके मागवत असल्याचे आणि बैठक कोणत्या तारखेला, तळमजल्यावर कोठे आहे ते लिहा, आणि येण्यासाठी त्यांना काय लागेल ते विचारा. शिक्षिकेला पाठवाल ते पत्र कागदावर छापून किंवा त्याचे छायाचित्र काढून पाठवू नका; टंकलेला मजकूर पाठवा, म्हणजे तो त्यांना दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.